बागेतील १२ व्होल्टचे दिवे: शेवटचे दिवे मंद पडतात, दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडावा का?

अंगणदिवा

नमस्कार. घरामागच्या बागेत पायवाटेच्या कडेने मी नुकतेच १२ एलईडी दिवे बसवले आहेत. प्रत्येक दिवा ६ वॅटचा असून त्यावर '१२ व्होल्ट एसी' असे छापलेले आहे. ट्रान्सफॉर्मर लोखंडी गाभ्याचा, १५० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) क्षमतेचा आहे. त्याच्या सेकंडरीला, म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूला, ०, १२, १३ आणि १४ अशी टर्मिनल आहेत, त्यांपैकी मी ० आणि १२ वापरली आहेत. तिथून १.५ चौरस मिलिमीटरची दोन तारांची तांब्याची केबल निघते, ७ मीटरवर पहिला दिवा येतो आणि पुढे दर ३ मीटरला एक याप्रमाणे बारावा दिवा ४० मीटरवर आहे.

पहिले पाच-सहा दिवे उत्तम लागतात, त्यानंतर उजेड उतरत जातो आणि शेवटचे तीन दिवे चक्क लुकलुकतात. माझ्याकडे अगदी असाच आणखी एक ट्रान्सफॉर्मर पडून आहे आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला, अवजारे ठेवण्याच्या खोलीत, एक सॉकेटही आहे. त्यामुळे तो ट्रान्सफॉर्मर तिथे लावून केबलच्या शेपटाला जोडावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरवठा होईल, असा विचार आहे. १२ व्होल्टचेच काम असल्यामुळे यात धोका नसावा असे मी गृहीत धरले आहे. गृहीत चुकीचे असेल तर कृपया सांगावे.

जुना वायरमन

धागाकर्ते, तो दुसरा ट्रान्सफॉर्मर केबलला जोडू नका. बाकीचे सगळे सावकाश बोलू, पण ही गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

ट्रान्सफॉर्मरला आपली प्रायमरी (वीज आत घेणारी बाजू) कोणती आणि सेकंडरी कोणती हे कळत नाही. २३० व्होल्टच्या बाजूने वीज दिली की दुसऱ्या बाजूला १२ मिळतात, तसेच १२ च्या बाजूने दिली की पहिल्या बाजूला २३० च्या आसपास मिळतात. आता तुमच्या मांडणीत काय घडेल ते पाहा. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच केबलला जोडलेले आहेत आणि पहिला चालू आहे. काही कामासाठी तुम्ही खोलीतल्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग सॉकेटमधून उपसून हातात घेतला. तुमच्या दृष्टीने तो प्लग मेलेला आहे, पण केबलमधून उलटे आलेले व्होल्टेज त्या ट्रान्सफॉर्मरने चढवून त्याच्या उघड्या पिनांवर शंभराहून कितीतरी जास्त व्होल्ट आणून ठेवलेले असतात. दोन बोटे दोन पिनांवर पडली की झाले. १५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमधून त्या बाजूला अर्ध्या अँपिअरहून अधिक करंट मिळू शकतो, आणि माणसाच्या जिवाला तर त्याचा छोटा अंशही पुरतो.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहाल, तर हा करंट तिच्यातून जातच नाही, त्यामुळे तिला काही कळणारच नाही. प्लग न उपसता नुसती त्या खोलीची एमसीबी (जादा करंटला पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडली तरी हाच प्रकार होतो, कारण बंद केलेल्या वायरिंगमध्ये मागच्या दाराने वीज शिरते. शिवाय दोन्ही सेकंडरीची टोके एकमेकांना उलटी जोडली गेली, तर ते १२ आणि हे १२ मिळून २४ व्होल्टचे शॉर्ट सर्किट होते आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर तापून जातात.

मी कामाला लागलो त्या सुरुवातीच्या काळात एका बंगल्यात मला असा प्लग भेटला होता. आधी कुणीतरी तुमच्यासारखीच युक्ती केलेली होती. मी प्लग काढला, तो फरशीवर ठेवला, ती ओली होती, आणि पिनांच्या मधल्या पाण्यातून चुर्र असा बारीक आवाज आला. हातातच असताना बोट पडले नाही हे नशीब. त्या दिवसापासून काढून ठेवलेल्या प्लगच्या पिनांनाही मी मीटर लावल्याशिवाय हात लावत नाही.

अंगणदिवा

काका, मनापासून आभार. वाचून अंगावर काटा आला. ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो हे शाळेत शिकलो होतो, पण ते प्लगच्या पिनांपर्यंत पोहोचते हे डोक्यात आले नव्हते. तो ट्रान्सफॉर्मर परत कपाटात गेला आहे. मग शेवटच्या दिव्यांचे काय करावे?

ओहमचा शिष्य

आपला ट्रान्सफॉर्मर कमी पडलेला नाही, तार कमी पडली आहे. हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे पुढचे निर्णय अंदाजाने घ्यावे लागणार नाहीत.

बारा दिव्यांचे मिळून ७२ वॅट होतात. २३० व्होल्टवर एवढ्या भारासाठी जेमतेम ०.३ अँपिअर लागला असता, पण १२ व्होल्टवर तोच भार ६ अँपिअर घेतो. व्होल्टेज कमी केल्याने शॉकची भीती जवळपास संपते, पण त्याची किंमत वाढलेल्या करंटच्या रूपाने मोजावी लागते, आणि तारेतील घट ही करंटवरच अवलंबून असते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७५ ओहम असतो. करंट जातो आणि परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. आपल्या केबलचा रोध त्यामुळे दर मीटरला ०.०२३ ओहम पडतो.

सर्व दिवे एकाच ठिकाणी नसल्यामुळे प्रत्येक दिव्याचा अर्धा अँपिअर आणि त्याचे अंतर यांचा गुणाकार करून बेरीज घ्यावी लागते. ७ पासून ४० पर्यंतच्या बारा अंतरांची बेरीज २८२ मीटर येते, तिची निम्मी १४१, आणि तिला ०.०२३३ ने गुणले की ३.३ व्होल्ट. म्हणजे शेवटच्या दिव्याला १२ ऐवजी पावणेनऊच्याही खाली व्होल्टेज मिळते, तेही दिवे फक्त लेबलवरचाच करंट घेतात असे मानून. प्रत्यक्षात आतील सर्किट असलेले एलईडी दिवे व्होल्टेज उतरले की उजेड राखण्यासाठी जास्त करंट ओढतात, त्यामुळे घट आणखी वाढते. जुना हॅलोजन दिवा निदान गरीब स्वभावाचा होता, त्याला व्होल्टेज कमी मिळाले तर तो कमी करंट घेऊन मंद जळत बसे. एलईडी दिवा भांडत राहतो आणि अगदीच झेपेनासे झाले की लुकलुकतो.

जमल्यास दोन ठिकाणी व्होल्टेज मोजून सांगावे: सर्व दिवे चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर आणि शेवटच्या दिव्याच्या जोडावर. क्लॅम्प मीटर (तार न कापता तिच्याभोवती लावून करंट मोजणारा) असेल तर केबलच्या दोन तारांपैकी फक्त एकीभोवती लावावा, कारण दोन्ही तारा एकदम पकडल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. मीटर ट्रू आरएमएस प्रकारचा, म्हणजे कोणत्याही आकाराच्या लाटेचे खरे मूल्य दाखवणारा, असावा, कारण एलईडी दिव्यांचा करंट सरळ साइन लाटेचा नसतो.

चौकस

मला यात दोन शंका आहेत. पहिली, ट्रान्सफॉर्मरला १४ चे टर्मिनल आहे, तर केबल तिथे हलवून मोकळे का होऊ नये? शेवटच्या दिव्याला दोन व्होल्ट आपोआप जास्त मिळतील. दुसरी, आरसीसीबी १२ व्होल्टच्या बाजूची गळती पकडते की नाही? समजा केबलचे आवरण मातीत फाटले, तर ती पडेल का?

ओहमचा शिष्य

दुसरीचे उत्तर आधी देतो: नाही पडणार. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सेकंडरीचा प्रायमरीशी आणि जमिनीशी तारेने काहीही संबंध नसतो, त्यामुळे १२ व्होल्टच्या बाजूने जमिनीकडे करंट वाहायला परतीची वाटच नसते. हेच या पद्धतीचे खरे संरक्षण आहे. म्हणूनच ट्रान्सफॉर्मर विलगीकरण करणारा, सुरक्षिततेसाठी बनवलेलाच असावा लागतो. आयईसी ६१५५८-२-६ हे मानक अशाच ट्रान्सफॉर्मरसाठी आहे आणि तो आकडा पाटीवर शोधावा. ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वेटोळे दोन्ही बाजूंना वापरलेले असते, त्यामुळे त्याच्या १२ व्होल्टच्या टोकाला हात लावणे हे घरातील फेजला हात लावण्यासारखे ठरू शकते. त्याच कारणाने सेकंडरीचे कोणतेही टोक 'सुरक्षिततेसाठी' म्हणून अर्थिंगला जोडू नये. अर्थिंग ट्रान्सफॉर्मरच्या धातूच्या पेटीला द्यायचे असते, आणि पाटीवर चौकोनात चौकोन हे दुहेरी इन्सुलेशनचे चिन्ह असेल तर तिथेही लागत नाही.

आता १४ च्या टर्मिनलविषयी. शेवटच्या दिव्याला त्याने बरे वाटेल, पण पहिल्याला काय मिळेल ते पाहावे. ७ मीटरपर्यंत जेमतेम एक व्होल्ट उतरतो, म्हणजे पहिला दिवा १३ वर चालेल, आणि पुढे कुठे केबल तुटली तर भार हलका झाल्यामुळे त्याच दिव्याला १४ च्याही थोडे वर मिळेल, कारण भार नसताना ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज पाटीवरील आकड्यापेक्षा जास्तच असते. १४ व्होल्ट एसीचे शिखर २० व्होल्टच्या आसपास जाते. दिव्याच्या आतील कपॅसिटर २५ व्होल्टचा असेल तर सुरक्षिततेचे अंतर थोडेच उरते, आणि दिवा जमिनीत बंदिस्त असून तापतही असतो. वरची टर्मिनल निरुपयोगी नाहीत, पण ती सर्व दिव्यांना सारखे कमी मिळत असताना वापरायची असतात. आपल्याकडे पहिल्या आणि शेवटच्या दिव्यात अडीच व्होल्टचा फरक आहे, तो टर्मिनल बदलून मिटत नाही.

अंगणदिवा

आज संध्याकाळी मोजले. सर्व दिवे चालू असताना टर्मिनलवर ११.८ व्होल्ट, शेवटच्या दिव्यापाशी ८.० व्होल्ट आणि केबलच्या एका तारेत ७.१ अँपिअर. मीटर ट्रू आरएमएस आहे. लेबलप्रमाणे ६ अँपिअर यायला हवे होते.

ओहमचा शिष्य

आकडे जुळतात. ११.८ गुणिले ७.१ म्हणजे ८४ व्हीए. वॅट आणि व्हीए एक नसतात आणि ट्रान्सफॉर्मर निवडताना व्हीए पाहायचे असतात. १५० व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर कायमचा भार ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १२० व्हीएपर्यंत ठेवावा या हिशेबाने आपण अगदी आरामात आहोत.

माझा सल्ला असा. ट्रान्सफॉर्मरपासून सहाव्या आणि सातव्या दिव्यांच्या मध्यापर्यंत, म्हणजे २३.५ मीटर, ४ चौरस मिलिमीटरची नवी केबल टाकावी आणि तिच्यावर एकही दिवा घेऊ नये. त्या ठिकाणी जंक्शन बॉक्स बसवून जुनी केबल मधोमध कापावी, तिची दोन्ही कापलेली टोके बॉक्समध्ये आणावीत आणि ट्रान्सफॉर्मर ते पहिला दिवा हा जुना तुकडा काढून टाकावा. आता प्रत्येक बाजूला सहा दिवे आणि सर्वांत लांबचा दिवा बॉक्सपासून १६.५ मीटरवर राहतो. मुख्य केबलमध्ये सुमारे १.२ आणि शाखेत ०.६, म्हणजे शेवटपर्यंत १.९ व्होल्टची घट, पण महत्त्वाचे हे की जवळच्या आणि लांबच्या दिव्यात फरक फक्त अर्ध्या व्होल्टचा. सर्वांना सारखेच कमी मिळाले की मग १३ चे टर्मिनल खुशाल वापरावे.

रात्रपाळी

एवढी खणाखणी करण्यापेक्षा हॅलोजनसाठी मिळतो तसा हलका इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर शेवटच्या सहा दिव्यांजवळ स्वतंत्र लावला तर चालणार नाही का? तो मुठीत मावतो आणि गुणगुणतही नाही.

जुना वायरमन

रात्रपाळी, स्वतंत्र लावला तर उलट्या विजेचा धोका राहत नाही हे तुमचे बरोबर, पण अट अशी की मधली केबल खरोखर कापलेली आणि दोन्ही भाग कायमचे वेगळे असले पाहिजेत. तरीही तो ट्रान्सफॉर्मर इथे नको. त्याचा आउटपुट ५० हर्ट्झचा नसतो, हजारो हर्ट्झचा असतो, आणि म्हणून त्याच्यापासून दिव्यापर्यंतची तार बहुधा दोन मीटरच्या आत ठेवायला सांगितलेली असते. त्याला कमीत कमी भारही लागतो, तो एलईडीने भरला नाही की दिवे झपझप करतात. साधा मल्टिमीटर लावाल तर तो भलताच आकडा दाखवेल आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल. लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर जड असतो, थोडा गुणगुणतो आणि चालू करताना क्षणभर मोठा करंट ओढतो, त्यामुळे कधी बी प्रकारची एमसीबी उगाच पडते आणि तिथे सी प्रकारची लावावी लागते. एवढे सोडले तर बागेत तोच भरवशाचा.

आता फ्यूजबद्दल बोलतो, कारण धागाकर्त्यांनी त्याचा उल्लेखच केलेला नाही आणि शॉकपेक्षा आगीची काळजी मला जास्त वाटते. बोर्डावर ६ अँपिअरची एमसीबी आहे, तेव्हा काळजी नाही, असे बहुतेक लोक समजतात. ६ अँपिअर २३० व्होल्टवर म्हणजे १३८० व्हीए. तेवढी शक्ती १२ व्होल्टच्या बाजूला ११५ अँपिअर होते. म्हणजे तुमची बागेतली केबल लाल होऊन विझली तरी त्या एमसीबीच्या दृष्टीने सगळे ठीकच चाललेले असते. ट्रान्सफॉर्मरमध्ये स्वतःचे थर्मल कटआउट असेल तर ते ट्रान्सफॉर्मरला वाचवते, तारेला वाचवेलच असे नाही.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. शिष्यांच्याच आकड्याने तुमच्या जुन्या केबलचा ४० मीटरचा जाऊन-येऊन रोध ०.९३ ओहम. तिच्या शेवटच्या टोकाला फावड्याने दोन्ही तारा एकत्र चेपल्या गेल्या, पक्का शॉर्ट झाला, तरी १२ भागिले ०.९३ म्हणजे जेमतेम १३ अँपिअर. ट्रान्सफॉर्मर १२.५ अँपिअरचाच आहे. ठिणगी नाही, आवाज नाही, दिवे मात्र विझलेले, आणि ४० मीटर केबल रात्रभर मातीत उबत राहते. २३० व्होल्टवर शॉर्ट झाला की एमसीबी खाडकन पडते या अनुभवावर आपली सवय बेतलेली असते, १२ व्होल्टवर लांबचा शॉर्ट हा साध्या जादा भारासारखा दिसतो. म्हणून सेकंडरीला निघतानाच १० अँपिअरचा फ्यूज टाका आणि जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक शाखेला ५ अँपिअरचा. नव्या मांडणीत शाखेच्या टोकाला शॉर्ट झाला तर वाटेतला रोध ०.६ ओहमच्या आत आहे, करंट ५ अँपिअरच्या तिपटीहून वर जातो आणि फ्यूज आपले काम करतो. जाड तारेचा उजेडापेक्षा हा फायदा मोठा आहे.

मातीतला माणूस

मी विजेच्या कामातला नाही, बागकामातला आहे, पण असे दिवे दुरुस्तीसाठी खणून काढण्याचे काम वारंवार माझ्या वाट्याला येते, म्हणून जोडांविषयी लिहितो. माझ्या पाहण्यात मातीत गेलेल्या दहा बंद दिव्यांपैकी नऊ दिवे जोडापाशीच मेलेले असतात.

केबलला वरून चावून आत दोन काटे रोवणारे जे झटपट कनेक्टर दिव्यांसोबत येतात, ते एक पावसाळा काढतात. काटा जिथे आवरणात शिरतो तिथून पाणी आत जाते. तांब्याच्या बारीक तारांच्या मधल्या फटींतून ते दिव्याच्या वातीतल्या तेलासारखे चढत जाते, त्यामुळे जोड कापून टाकला तरी पुढची वीतभर तार आतून काळी निघते. मागे एक जोड सोलला तेव्हा वरची इन्सुलेशन टेप छान चिकटलेली होती, आतून मात्र चमचाभर पाणी आणि हिरवी भुकटी निघाली आणि सात तारांपैकी दोनच शिल्लक होत्या. टेपने पाणी अडत नाही, गेलेले पाणी अडकून राहते. ज्यांचे दिवे डीसीवर चालतात त्यांच्याकडे तर धनाची बाजू याहून लवकर झिजते, ओल्या जोडात तांबे अक्षरशः विरघळून जाते.

मला टिकलेले दिसले ते दोनच प्रकार: दाबून बसवलेली स्लीव्ह आणि तिच्यावर आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी, किंवा जेल भरलेले पिळायचे कनेक्टर. जोड झाला की प्रत्येक तार एकटी धरून जोराने ओढून पाहावी. जोडाजवळ केबलचा एक वेढा मोकळा ठेवावा, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी तार तोकडी पडत नाही आणि दिव्याला कुणाचा पाय लागला तर ओढ जोडावर येत नाही.

ओहमचा शिष्य

याला आकड्याची पुस्ती जोडतो. खराब जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून ६ अँपिअर गेले, तर तिथे ०.६ व्होल्ट उतरतात आणि ३.६ वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत साचते. तोच जोड २३० व्होल्टच्या बाजूला ०.३ अँपिअरवर असता तर ती उष्णता जाणवलीही नसती. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलचे स्क्रू भार देऊन दोन-तीन दिवसांनी, पुरवठा बंद करून, पुन्हा एकदा आवळावेत. बहुतारी केबलच्या टोकाला लग किंवा थिंबल (धातूची टोपी) दाबून मगच ती स्क्रूखाली घ्यावी.

दूरदेशी

आमच्याकडे घरात १२० व्होल्टचा पुरवठा आहे, पण १२ व्होल्टच्या बाजूचे गणित तेच राहते. इथे बाहेरच्या सॉकेटला साधारण ५ मिलिअँपिअरला पडणारी जीएफसीआय, म्हणजे इकडची आरसीसीबी, सक्तीची असते आणि कमी व्होल्टेजची केबल निदान ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर, खोल पुरावी लागते. १५ सेंटिमीटर म्हणजे कुदळीच्या एका घावाचे अंतर, म्हणून मी वाफ्यांखाली ती पाइपातून नेली आहे. मुख्य पुरवठ्याची केबल मात्र याच्या तिप्पट किंवा त्याहून खोल जाते, आणि दोन्ही केबल एकाच पाइपातून कधीही नेऊ नयेत. त्यांच्यातले आवरण एकमेकांवर घासून फाटले तर १२ व्होल्टची सगळी सुरक्षितता तिथेच संपते.

चौकस

धाग्यात ट्रान्सफॉर्मरच्या जागेविषयी कुणीच बोललेले नाही. तो उघड्यावर आहे का?

अंगणदिवा

घराच्या मागच्या भिंतीवर, पत्र्याच्या छोट्या पागोळीखाली, जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर आहे. पेटीवर आयपी ४४ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा) लिहिले आहे. केबल वरच्या बाजूने आत जाते, कारण भोक तिथेच होते.

जुना वायरमन

वीतभर पुरत नाही. पागोळीचे पाणी जमिनीवर आपटून जेवढे वर उडते तेवढ्यातच तुमची पेटी आहे. निदान हातभर वर घ्या. आयपी ४४ म्हणजे चारही बाजूंनी उडालेले पाणी सोसते, पाण्याची धार सोसेल असे नाही, त्यामुळे नळीने झाडांना पाणी घालणाऱ्याला हे सांगून ठेवा. वरचे भोक बंद करून केबल खालून घ्या, ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारे बूच) लावून, आणि पेटीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, आत जाणार नाही. पेटीभोवती हवा खेळती हवी, कारण हा ट्रान्सफॉर्मर गरम होतोच.

आणि हे प्रायमरीचे काम आहे, ते परवानाधारक माणसाकडून करून घ्या. तुम्ही स्वतः पेटी उघडणार असाल तर नुसता स्विच पाडून चालणार नाही. एमसीबी पाडा, ती कुणी उचलणार नाही अशी व्यवस्था करा, मग टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून तो ठीक असल्याची खात्री करा, त्याने पेटीतले टर्मिनल तपासा आणि पुन्हा चालू सॉकेटवर लावा. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तिसऱ्या पायरीला कळते. आरसीसीबीचे टेस्ट बटण आयुष्यात कधी दाबले नसेल तर तेही त्याच दिवशी दाबून पाहा.

रात्रपाळी

एक छोटा प्रश्न. माझ्या बागेत लहानसे तळे आहे आणि त्यात एक दिवा सोडायचा आहे. हेच नियम लागू होतात का?

ओहमचा शिष्य

तरणतलावाच्या पाण्यात आंतरराष्ट्रीय नियम १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी यांच्यावर जाऊ देत नाहीत आणि ट्रान्सफॉर्मर पाण्याच्या परिसराबाहेर ठेवायला सांगतात. तळ्यालाही तेच पाळावे. दिवा आयपी ६८ चा आणि कारखान्यातूनच अखंड केबल लावलेला घ्यावा, म्हणजे पाण्याखाली जोडच येत नाही. आयपी ६७ हा मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडण्यापुरता असतो, कायमच्या वस्तीसाठी नसतो.

अंगणदिवा

काम झाले. विलंबाबद्दल क्षमस्व. ४ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, मधोमध जंक्शन बॉक्स बसवला, दोन्ही शाखांना ५ आणि निघतानाच्या तारेला १० अँपिअरचे फ्यूज घातले. पेटी वर चढवून तिची केबल खालून घेण्याचे काम परवाना असलेल्या वायरमनने केले. अंधार पडताच चालू करणारा फोटोसेल पहिल्या प्रयत्नात एका दिव्याच्या समोरच लागला होता, त्यामुळे दिवे लागले की त्याला दिवस वाटे, दिवे विझले की रात्र, आणि बाग मिनिटामिनिटाला उघडझाप करत राहिली. तो आता भिंतीच्या पलीकडे आहे.

१३ च्या टर्मिनलवर, सर्व दिवे चालू असताना मोजलेले आकडे असे: टर्मिनलवर १२.९, बॉक्सच्या लगतच्या दिव्यांवर ११.३ आणि पहिल्या शाखेच्या टोकाला १०.७ व्होल्ट. करंट ७ अँपिअरच आहे, पण पूर्वी त्यातले बरेच वॅट तारेतच जिरत होते. दुसऱ्या शाखेच्या टोकाला मात्र १०.१ येतात. दोन्ही शाखा सारख्या असताना हा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक कुठून आला?

मातीतला माणूस

त्या शाखेतला एखादा जुना जोड बदलायचा राहिला आहे का? बॉक्सपासून टोकाकडे जात प्रत्येक दिव्यापाशी मोजत जा. जिथे आकडा एकदम उतरेल तिथे खणा.

अंगणदिवा

मोजले. आठव्या दिव्यापर्यंत आकडा दुसऱ्या बाजूसारखाच होता, नवव्याला एकदम उतरला. तिथला जोड फरशीखाली होता म्हणून मी जुनाच ठेवला होता. फरशी उचलली, टेप कोमट लागली, आणि कापल्यावर आत तुम्ही लिहिली होती तीच हिरवी भुकटी. काळी पडलेली दीड वीत तार कापून नवीन तुकडा टाकला, स्लीव्ह दाबली, वर गोंदाची नळी आवळली. आता त्या टोकालाही १०.७ येतात.

जुना वायरमन

छान झाले. फरशी परत बसवताना ती जोडावर टेकणार नाही एवढे पाहा. आणि कपाटातल्या त्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची सेकंडरीची लांब वायर काढून ठेवा, नाहीतर एखाद्या दिवशी घरातलेच कुणीतरी ती केबलच्या शेपटाला नेऊन जोडेल.